डॉक्टरचा केसपेपर कोण काढणार?

(या आठवड्याच्या एपिसोडचं लिखित रूप. बोलण्यातले ‘म्हणजे ना’ आणि ‘काय झालं की’ थोडे कमी केलेत. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



सुरुवातीलाच एक सांगते. आजच्या विषयात आत्महत्येचा उल्लेख येणार आहे. मन आधीच जड असेल तर हा एपिसोड नंतर ऐका, किंवा कोणाला तरी सोबत घेऊन ऐका. आणि आत्ता या क्षणी बोलायची गरज वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आजचा प्रश्न साधा आहे. आपण आजारी पडलो की डॉक्टरकडे जातो. डॉक्टरचं मन आजारी पडलं तर त्याने कुठे जायचं?

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे? तो तर हॉस्पिटलमध्येच असतो! मलाही असंच वाटायचं. माझ्या दादाची गोष्ट कळेपर्यंत.

‘संजय’ची गोष्ट

माझा सख्खा मोठा भाऊ डॉक्टर आहे. ही गोष्ट सांगायला त्याने दोन अटींवर परवानगी दिली: नाव घ्यायचं नाही आणि शहर सांगायचं नाही. म्हणून आज त्याला आपण ‘संजय’ म्हणू. हे नाव का, ते पुढे कळेल.

दादा तेव्हा एका सरकारी हॉस्पिटलमध्ये एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला होता. सकाळी वॉर्डात गेला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रूमवर यायचा. घरी फोन केला की आई विचारायची, “जेवलास का रे?” आणि तो म्हणायचा, “हो गं.” एवढंच संभाषण. आम्हाला वाटायचं, बिझी आहे.

आतून वेगळंच चाललं होतं. झोपायला वेळ मिळाला तरी झोप लागत नव्हती. पेशंटच्या नातेवाइकांचा आवाज चढला की हात थरथरायचे. आंघोळ करताना विनाकारण रडू यायचं. एका पहाटे त्याने पोटॅशियमचा डोस चुकीचा लिहिला. ड्युटीवरच्या सिस्टरने औषध भरण्याआधी विचारलं, “सर, हे बरोबर आहे का? एकदा बघता?” म्हणून पेशंट वाचला. दादा मला म्हणाला, “त्या दिवशी मला कळलं की आता हे फक्त माझं राहिलेलं नाही.”

मग त्याने काय केलं असेल? मानसोपचार ओपीडी त्याच्या वॉर्डापासून दोन जिने खाली होती. तो खाली गेला आणि केसपेपरच्या खिडकीपाशी उभा राहिला. खिडकीतल्या मामांनी त्याला ओळखलं. “काय सर, पेशंटचा पेपर काढायचाय?” दादा म्हणाला, “हो, नंतर येतो.” आणि परत वर गेला.

बघा ना, त्याच्यासमोर काय काय होतं. खिडकीतले मामा ओळखीचे. आत हिस्टरी घेणारा निवासी डॉक्टर रोज मेसमध्ये त्याच्याच टेबलावर जेवणारा. त्या विभागाचे प्रमुख आणि दादाचे प्रमुख एकाच मीटिंगला बसणारे. औषध घ्यायचं तर त्याच हॉस्पिटलच्या औषधाच्या खिडकीवर. आणि कागद? तो कम्प्युटरवर, नावानिशी.

त्यानंतर आठ महिने तो कुठेच गेला नाही. आठ महिने! मधल्या काळात एका मित्राला जिन्यात गाठून ‘झोपेचं काहीतरी दे’ म्हणून गोळ्या घेतल्या. डॉक्टर लोकांमध्ये हे सर्रास चालतं. जिन्यात विचारायचं, जिन्यातच औषध. नोंद नाही, तपासणी नाही, पुढची तारीखही नाही.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्याने एसटी पकडली आणि चार तासांवरच्या दुसऱ्या शहरात गेला. खासगी क्लिनिकच्या फॉर्मवर नाव लिहिलं ‘संजय’. व्यवसाय लिहिला ‘दुकान’. आत गेल्यावर डॉक्टरांनी ‘झोप कशी आहे’ विचारलं, तर दुकानदार संजयने उत्तर दिलं, “सर, इनिशियल इन्सोम्निया आहे, अर्ली मॉर्निंग अवेकनिंगही आहे.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “कितव्या वर्षाला आहेस रे?”

आम्ही आता यावर हसतो. त्या दिवशी दादा तिथे अर्धा तास रडला. डॉक्टर त्याला म्हणाले, “खरं नाव सांग. औषध खऱ्या नावावरच द्यावं लागेल. पण ते या खोलीच्या बाहेर जाणार नाही, हे मी तुला सांगतो.” त्याने सांगितलं. उपचार सुरू झाले. आज तो बरा आहे, काम करतोय, आणि जेवलास का विचारल्यावर काय जेवला तेही सांगतो.

हे ऐकून मला राग आला होता. त्याच्यावर नाही. चार तास प्रवास करून खोटं नाव सांगावं लागतं, या गोष्टीवर. मग मी शोधायला लागले की जगात बाकीचे डॉक्टर काय करतात. आणि सापडलं की काही ठिकाणी यासाठी रीतसर सोय आहे. डॉक्टरांसाठी वेगळी, गुप्त सेवा.

बार्सिलोना: दुसरं नाव सेवाच देते

सगळ्यात आधी बार्सिलोना, कारण ते वाचून मी दादाला रात्री साडेअकराला फोन केला होता.

तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने, जिच्याकडे डॉक्टरांची नोंदणीही असते, १९९८ मध्ये आजारी डॉक्टरांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. मानसिक आजार आणि व्यसन, दोन्हींसाठी. युरोपातला हा अशा प्रकारचा पहिलाच. त्यात दाखल होणाऱ्या डॉक्टरला उपचारापुरतं वेगळं नाव दिलं जातं. कागदावर ते नाव, हाक मारायची ती त्या नावाने. खरं नाव अगदी मोजक्या लोकांना माहीत.

म्हणजे माझ्या दादाने घाबरून, चोरून जे केलं, ते तिथे कार्यक्रमच करतो, रीतसर आणि मान ठेवून. मी हे सांगितल्यावर दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे मी वेडा नव्हतो.”

लंडन: एका मृत्यूनंतर

दुसरी गोष्ट इंग्लंडची. ही जड आहे, हळू सांगते.

दक्षा एम्सन नावाच्या डॉक्टर होत्या. नावावरून लक्षात येईलच, मूळ आपल्या उपखंडातलं. त्या लंडनमध्ये मानसोपचार क्षेत्रातच काम करायच्या आणि त्यांना स्वतःला बायपोलर आजार होता. करिअरवर डाग लागेल म्हणून त्यांनी तो जपून लपवलेला. गरोदरपणासाठी औषधं थांबवली होती. बाळंतपणानंतर आजार उसळला आणि ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्या हातून तीन महिन्यांच्या मुलीचा आणि स्वतःचा जीव गेला.

चौकशी झाली, २००३ मध्ये अहवाल आला. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या स्वतः डॉक्टर होत्या म्हणून त्यांना एखाद्या साध्या पेशंटसारखे नीट, शिस्तीत उपचार मिळाले नाहीत. आजाराची लाज होतीच. वर ‘ती तर डॉक्टर आहे, तिला कळतंच की’ ही समजूत. आपल्या जिन्यातल्या औषधाचीच ही थोरली बहीण!

त्या अहवालानंतर चक्रं हलली आणि २००८ मध्ये लंडनमध्ये डॉक्टर आणि डेंटिस्टसाठी स्वतंत्र सेवा सुरू झाली. क्लेअर जेराडा या फॅमिली डॉक्टरने तिचं नेतृत्व केलं. आज ती एनएचएस प्रॅक्टिशनर हेल्थ या नावाने ओळखली जाते. २०१९ मध्ये ती इंग्लंडभरच्या सगळ्या डॉक्टरांसाठी खुली झाली.

तिची रचना साधी आहे. डॉक्टरने स्वतः संपर्क करायचा, बॉसची चिठ्ठी लागत नाही. पैसे लागत नाहीत. आणि नोंदी त्याच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्डपासून वेगळ्या राहतात. म्हणजे केसपेपरच्या खिडकीत ओळखीचे मामा नसतात.

पण अशी सेवा एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली असंही नसतं. एप्रिल २०२४ मध्ये पैशांचं कारण देऊन हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांची नवी नोंदणी थांबवणार, असं जाहीर झालं. तिथल्या डॉक्टरांनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला.

अमेरिका: अर्जातला एक प्रश्न

अमेरिकेत ही चर्चा सगळ्यात जुनी. १९७३ मध्ये तिथल्या मेडिकल असोसिएशनने आजारी डॉक्टरांवर अहवाल काढला आणि त्यानंतर राज्याराज्यांत ‘फिजिशियन हेल्थ प्रोग्रॅम’ उभे राहिले. सुरुवातीला मुख्यतः दारू आणि ड्रग्जच्या व्यसनासाठी. २००८ मध्ये १६ राज्यांतल्या अशा कार्यक्रमांमधल्या ९०४ डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचं पुढे काय झालं हे कळलं, त्यांच्यापैकी सुमारे ७९ टक्के डॉक्टर पाच वर्षांनी लायसन्ससह काम करत होते. व्यसनाच्या बाबतीत हा आकडा लहान नाही.

पण तिथली भीती वेगळ्याच जागी दडलेली होती: लायसन्सच्या अर्जात. कित्येक राज्यांच्या अर्जात साधारण असं विचारायचे: ‘तुमच्यावर कधी मानसिक आजारासाठी उपचार झालेत का?’ कधी! म्हणजे कॉलेजात असताना ब्रेकअपनंतर समुपदेशकाकडे गेला असाल तरी ‘हो’ लिहायचं. मग कोण जाईल समुपदेशकाकडे?

एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, न्यूयॉर्कमधल्या इमर्जन्सी विभागाच्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी आत्महत्या केली. लायसन्स जाईल, करिअर संपेल, ही भीती त्यांना होती, असं त्यांच्या घरच्यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या नावाचा कायदा मार्च २०२२ मध्ये झाला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी मिळू लागला. अर्जातले प्रश्न बदलायची मोहीमही जोरात सुरू झाली. खरं तर राज्यांच्या मेडिकल बोर्डांच्या महासंघाने २०१८ मध्येच सुचवलं होतं की जुन्या उपचारांबद्दल विचारू नका. विचारायचंच असेल तर एवढंच विचारा: सध्या अशी काही अवस्था आहे का, जिच्यामुळे तुमच्या कामावर परिणाम होतोय आणि जिच्यावर उपचार चालू नाहीत?

फरक लक्षात आला? पहिला प्रश्न उपचार घेणाऱ्याला पकडतो. दुसरा प्रश्न उपचार न घेणाऱ्याला.

“पण पेशंटचं काय?”

आता तुमच्या मनात जे आलंय ते माझ्याही मनात आलं होतं. आजारी डॉक्टरची गोष्ट लपवायची? उद्या माझ्या आईचं औषध तो चुकीचं लिहील त्याचं काय?

प्रश्न रास्त आहे. म्हणून दादाच्या आठ महिन्यांकडे पुन्हा बघू. त्याचा आजार कोणालाच माहीत नव्हता. हॉस्पिटलला नाही, घरच्यांना नाही. आणि तो रोज पेशंट तपासत होता. म्हणजे गुप्तता होतीच की! शंभर टक्के होती. फक्त त्यात उपचार नव्हते.

इथेच सगळं आहे बघा. ‘सगळ्यांना कळतं’ आणि ‘कोणालाच कळत नाही’ असे दोनच पर्याय आपण धरून चालतो. प्रत्यक्षात उघड व्हायची भीती असली की डॉक्टर गप्प बसतो, काम करत राहतो, आणि पेशंटच्या नशिबी थकलेला, बिनउपचाराचा डॉक्टर येतो. गुप्त सेवा असली की निदान एका जाणकार माणसाला तरी खरं कळतं. ‘आता महिनाभर थांब, नाइट ड्युटी घेऊ नकोस’ असं सांगणारं कोणीतरी असतं. पेशंटच्या बाजूने बघितलं तरी दुसरी व्यवस्थाच बरी.

आणि गुप्ततेला मर्यादा असते, ती असायलाच हवी. बार्सिलोनात डॉक्टरच्या आजारामुळे पेशंटला धोका दिसला तर डॉक्टर, त्याच्यावर उपचार करणारे आणि संघटना मिळून लेखी करार करतात. काय काम करायचं, काय नाही, तपासणी कधी. जिवाचा धोका असेल तर कुठलाही थेरपिस्ट गप्प बसू शकत नाही. फक्त ही रेषा कुठे आहे ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं.

रेषा धूसर राहिली की काय होतं, तेही अमेरिकेतच दिसतं. तिथल्या काही कार्यक्रमांवर डॉक्टरांची तक्रार आहे की मदतीच्या नावाखाली जबरदस्ती होते, महागड्या केंद्रात पाठवतात, आणि नाही म्हटलं तर लायसन्सची भीती दाखवतात. २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या ऑडिटरने तिथला कार्यक्रम तपासला. प्रत्यक्ष गैरवापर सापडला नाही, पण तो झालाच तर कळणार कसा, याची सोय नाही, असा शेरा मारला. तेव्हा ‘गुप्त’ शब्दाची पाटी लावली म्हणजे झालं असं नाही. सेवा देणारा माणूस कोणाला उत्तर देतो, ते बघायला लागतं.

आपल्याकडे काय आहे?

आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सचा अहवाल २०२४ मध्ये आला. ऑनलाइन सर्वेक्षणात २५,५९० एमबीबीएसचे विद्यार्थी, ५,३३७ पीजीचे आणि ७,०३५ प्राध्यापक सहभागी झाले. पीजीच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्के जणांनी मनात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. दहातले तीन! माझ्या दादाच्या मेसच्या टेबलावर सहा जण बसायचे. गणित तुम्हीच करा.

अहवालाने सुचवलं की निवासी डॉक्टरांचं काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नको आणि आठवड्यातून एक सुट्टी हवी. ऐकायला छान आहे. पण १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेतही सलग ड्युटी साधारण १२ तासांच्या वर नको, असं लिहिलेलं होतंच. कागद आपल्याकडे कमी नाहीत. आणि हेही सांगायला हवं: ३६ तासांची ड्युटी तशीच ठेवून ‘समुपदेशन घ्या’ म्हणणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. बादली हवीच, पण छप्पर कोण दुरुस्त करणार?

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३. मानसिक आजारासाठी उपचार घेणाऱ्या प्रत्येकाला गुप्ततेचा हक्क आहे. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, कोर्टाचा आदेश, असे मोजके अपवाद सोडले तर उपचार करणाऱ्याने तुमची माहिती कोणाला देणं बेकायदेशीर आहे. तुमच्या एचओडींनाही आणि तुमच्या काळजीत असलेल्या काकांनाही. त्या दिवशी खोटं नाव लिहिताना दादाला हे माहीत नव्हतं. एमडी करणाऱ्या माणसाला!

ऐकणाऱ्यांपैकी कोणी डॉक्टर असेल तर

तुमच्या कॉलेजात समुपदेशक असेल तर पहिल्या भेटीतच हे चार प्रश्न विचारा. विचारायला लाजू नका, तुमचा हक्क आहे.

एक, माझं नाव कुठे लिहिलं जाणार आणि ती नोंद कोण बघू शकतं?

दोन, तुमचा अहवाल डीनकडे किंवा एचओडींकडे जातो का? जात असेल तर त्यात नावं असतात की फक्त आकडे?

तीन, कुठल्या परिस्थितीत तुम्ही माझी माहिती दुसऱ्याला सांगाल?

चार, तुम्ही मला शिकवता का, माझी परीक्षा घेता का, माझ्या रजेवर सही करता का? यातलं एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर तो माणूस कितीही चांगला असला तरी या कामासाठी दुसरा शोधा.

उत्तरं समाधानकारक नसतील तर कॉलेजबाहेरचा डॉक्टर बघा. व्हिडिओ कॉलवरही भेट घेता येते, चार तास एसटीची गरज नाही. टेली-मानस डॉक्टरांसाठी वेगळं काढलेलं नाही, पण डॉक्टरनेही तिथे फोन करायला काहीच हरकत नाही. फक्त जिन्यातल्या गोळ्या घेऊ नका. स्वतःचं प्रिस्क्रिप्शन स्वतः लिहू नका.

आणि तुमच्या घरात कोणी डॉक्टर असेल, तर “जेवलास का” विचाराच. पण उत्तर आल्यावर लगेच फोन ठेवू नका. “आणि झोप?” एवढं विचारा. मी ते कधी विचारलं नव्हतं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी दादाला वाचून दाखवलं. म्हटलं, “आता खरं नाव टाकू का? तू तर बरा आहेस.” तो म्हणाला, “अगं, मी बरा आहे. पण माझ्या हॉस्पिटलची केसपेपरची खिडकी अजून तिथेच आहे. संजयच राहू दे.”

तर संजयच राहू दिलंय.

भेटूया पुढच्या आठवड्यात. तोवर झोपा वेळेवर, आणि हा एपिसोड तुमच्या ओळखीच्या एका तरी डॉक्टरला पाठवा. खाली काही लिहायची गरज नाही. नुसता पाठवा.